बारदाना किती किलोचा?

भालकीच्या अडतीवर तुरीचं पोतं काट्यावर चढलं की शेतकरी आधी विचारतो, "बारदाना किती धरला?" रिकाम्या पोत्याचं वजन शंभर ग्रॅम जास्त कापलं तरी तो आवाज चढवतो, आणि त्याचं बरोबरच आहे. पण हाच माणूस विमानानं लेकाकडं जायचं म्हणून बॅग घ्यायला जातो तेव्हा रंग बघतो, चकाकी बघतो, सवलत बघतो. रिकाम्या बॅगचं वजन विचारत नाही.

विचारा. विमानतळाच्या काट्यावर बारदाना वजा होत नाही, तो तुमच्या मालातच मोजतात.

देशातल्या देशात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो सामान खाली घेतात आणि ७ किलो हातात नेऊ देतात. जुन्या धाटणीची मोठी ट्रॉली रिकामीच साडेचार-पाच किलो भरते. म्हणजे १५ किलोंतला जवळजवळ तिसरा हिस्सा बॅगनंच खाल्ला. तेवढ्याच मापाची हलकी बॅग तीन किलोंच्या आसपास मिळते. मधले दीड-दोन किलो म्हणजे आपल्या कलबुर्गीची तूरडाळ, जिला भौगोलिक मानांकन आहे आणि जिच्यासाठी पुण्या-बेंगळुरातली लेकरं वाट बघत असतात.

हैदराबादजवळच्या शमशाबाद विमानतळावर रांगेत माझ्या पुढं औरादकडची एक आक्का होती. काट्यावर आकडा उमटला, १७. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अम्मा, दो किलो ज्यादा है." आक्कानं तिथंच फरशीवर बसकण मारली, बॅग उघडली. वर कडक भाकरीची चवड, जुन्या धोतरात गुंडाळलेली. खाली शेंगाचटणीचा डबा. तळाशी डाळीची पिशवी. तिनं तिन्हींवरून हात फिरवला, मग डाळ उचलली आणि दाराशी जाऊन बाहेर थांबलेल्या भाच्याच्या हाती दिली. परत येऊन चेन लावताना ती कुणाकडंच बघत नव्हती. बॅग नवीकोरी होती. ती रिकामी किती भरते, हे विकणाऱ्यानं सांगितलं असतं तर ती डाळ लेकीच्या घरी पोचली असती. मला त्या गोष्टीचा राग आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

"जड आहे म्हणजे दणकट आहे," असं दुकानात ठासून सांगतात. हे धादांत खोटं आहे. जडपणा म्हणजे टिकाऊपणा नव्हे आणि कडकपणा म्हणजेही नव्हे, हे कडक भाकरी खाणाऱ्यांना तरी सांगायला नको. भाकरी कडक असते म्हणूनच मोडते. चपाती वाकते आणि वाचते. बॅगच्या कवचाचंही तसंच. स्वस्त एबीएसचं कवच दिसायला टणक, पण आपटलं की तडकतं. पॉलिकार्बोनेट दबतं आणि पुन्हा जागेवर येतं. पॉलिप्रॉपिलीनही लवचिक आणि वजनाला हलकं. दुकानात झाकणाच्या मधोमध तळहात दाबून बघा. दबून उसळलं तर ठीक. नुसतं कुरकुरलं तर पुढं व्हा.

पण बॅग कवचापाशी क्वचितच मरते. ती मरते चाकापाशी, दांड्यापाशी आणि चेनपाशी. माझ्या एका बॅगचं चाक बिदरच्या बसस्टँडवर, फलाटाच्या कडेला निखळलं. विमानापर्यंत ती पोचलीही नव्हती. आपल्याकडच्या बॅगची खरी परीक्षा विमानात नसतेच. ती असते बसच्या डिकीत, टपरीसमोरच्या खडीत आणि शमशाबादपर्यंतच्या जवळजवळ दीडशे किलोमीटरांत. चार बारीक चाकं गुळगुळीत फरशीवर छान फिरतात, खडीत रुततात. आपल्या रस्त्याला दोन मोठी, अर्धी आत बसवलेली चाकं बरी. चाक स्क्रूनं बसवलेलं असेल तर बदलता येतं, रिव्हेट ठोकलेलं असेल तर चाकाबरोबर बॅगही गेली. दांडा पूर्ण ओढून हलवा. खुळखुळला तर घेऊ नका. चेन कोपऱ्यावरून दहादा फिरवा, अडकते ती तिथंच.

आता आपल्या विमानांकडं बघा. कलबुर्गीचा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाला, बिदरचा ७ फेब्रुवारी २०२०ला. सेवा कधी बंद, कधी चालू, हे आपण भोगतोच. पण इथं उतरलेली विमानं छोटी. बिदरहून आधी उडालं ते एटीआर. कलबुर्गीला आलेल्या पन्नास आसनी एम्ब्रेअरमध्ये एका बाजूला एकेक आसन, आणि त्या बाजूला डोक्यावर कप्पाच नाही. तिथं कडक कवचाची ट्रॉली बसत नाही. नायलॉनची मऊ बॅग दाबून बसते आणि रिकामी किलोभरच भरते. हातातली बॅग घेताना हा हिशेब आधी करा.

भरतानाही दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पॉवर बँक खालच्या सामानात चालत नाही, ती हातातच न्यायची. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या खालच्या सामानात टाकू नका. तेलामुळं खोबरं पेट घेऊ शकतं, म्हणून २०२२ पासून त्याला मनाई आहे. आणि परदेशातून येताना बॅग फुटलेली मिळाली तर बाहेर पडायच्या आधी काउंटरवर लेखी तक्रार द्या. कायद्यानं सात दिवसांची मुदत आहे, पण पट्ट्यापासून दूर गेल्यावर पुरावा कसला द्याल?

बॅग विकणाऱ्यांकडं माझी मागणी एवढीच. प्रत्येक बॅगवर लिटर आणि सवलत जेवढ्या ठळक छापता, तेवढंच ठळक तिचं रिकामं वजन छापा. पोत्यावर निव्वळ वजन छापणं बंधनकारक असेल, तर पोतंच विकणाऱ्यानं पोत्याचं वजन का झाकावं?

तोपर्यंत घरातला हूकचा काटा पिशवीत टाकून दुकानात जा. बॅग लटकवा, आकडा वाचा आणि अडतीवर विचारता त्याच आवाजात विचारा, "बारदाना किती किलोचा?"