वाई दौरा : मंजुरीच्या प्रतीक्षेत

माझी मेहुणी मुलाकडे इंग्लंडला जाऊन आली आणि येताना स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन नावाच्या गावाचे फोटो घेऊन आली. एव्हन नदी, काठावर हिरवळ, पाण्यात हंस, आणि जवळच शेक्सपिअर १५६४ साली जन्मला ते घर. प्रत्येक फोटोत मेहुणी बाकावर बसलेली. "दोन दिवस आम्ही नदीकाठी नुसते बसून होतो," असं ती म्हणाली आणि आमच्या घरातली शांतता संपली.

"आपल्याकडे नाही का असं नदीकाठचं जुनं गाव?" बायकोनं विचारलं.

वास्तविक आम्ही नदीकाठच्या एका जुन्या गावातच राहतो. मुठेच्या काठी पेशवाईतलं ओंकारेश्वराचं देऊळ आहे, पुढे मुळा-मुठेचा संगमही आहे. पण पुणेकर नदीकडे बघतो ते दोनदाच : खडकवासल्यातून पाणी सोडून भिडे पूल बुडाला की, आणि गणपती विसर्जनाला. एरवी पूल ओलांडताना तो गाडीची काच वर करतो. म्हणून नव्वदेक किलोमीटरवरच्या कृष्णेकडे जायचं ठरलं. वाई. दोन दिवस, एक रात्र.

ठरलं म्हणजे तत्त्वतः ठरलं. माझी सगळी नोकरी सरकारच्या पाण्याच्या खात्यात, हिशेब शाखेत झाली. तिथे मी कित्येक धरणांची बिलं तपासली, पण भरलेलं धरण एकही पाहिलं नाही. नदी ही माझ्या लेखी लाल फितीत बांधून कपाटात ठेवण्याची वस्तू. मात्र कार्यक्रम आखण्यात माझा हात धरणारा आमच्या घराण्यात कोणी नाही, असं माझं मत आहे. या मताला अजून अनुमोदक मिळालेला नाही.

पहिली बैठक आमच्या कोथरूडच्या घरी भरली. उपस्थिती : दादा, वहिनी, त्यांचा हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा, आमची ही, मी, आणि ऐंशी ओलांडलेली आत्या. आत्या कोपऱ्यात मटार सोलत बसली होती, म्हणून तिची नोंद इतिवृत्तात घेतली नाही. बाब क्रमांक एक होती तारीख. बाब क्रमांक दोन आजतागायत आलेली नाही.

"पावसाळ्यात नको," दादा म्हणाला. "खंबाटकीत ट्रक बंद पडतात."

"ट्रक उन्हाळ्यातही बंद पडतात," वहिनी म्हणाल्या.

"उन्हाळ्यात घाटाच्या दगडावर पाय भाजतात," आमची ही म्हणाली.

हिवाळ्यावर एकमत होईलसं वाटलं. पण हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी सगळं पुणं आणि निम्मी मुंबई महाबळेश्वराला निघते आणि सुरूर फाट्याला वळते. वाईचा फाटाही तोच. मग वहिनींनी कृष्णाबाईच्या उत्सवाचा विषय काढला. तो हिवाळा सरता सरता येतो आणि एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जात कित्येक आठवडे चालतो : सिद्धनाथवाडी, ब्राह्मणशाही, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, गंगापुरी, रामडोह. अफझलखानाच्या स्वारीत शिवाजी महाराजांना यश यावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला होता, त्यातून हा उत्सव सुरू झाला असं सांगतात. नवस बोलणाऱ्याचं धाडस मानलं पाहिजे, कारण वाईचा सुभा तेव्हा खानाकडेच होता. आमच्या बैठकीत त्यापेक्षा साधी मागणी होती. वहिनींना उत्सवातलीच संकष्टी हवी होती. दादाला संकष्टी सोडून कोणताही दिवस चालत होता, कारण त्या दिवशी वहिनींचा उपास असतो आणि साबुदाण्याची खिचडी सगळ्यांना खावी लागते.

बैठक तहकूब झाली. चार दिवसांत पुतण्यानं संगणकावर एक तक्ता करून सर्वांना पाठवला. त्यात रंग होते. हिरवं म्हणजे नक्की, पिवळं म्हणजे चर्चेत, लाल म्हणजे बाबांचा विरोध. तक्ता दुरून बघितला तर वाईत लाल मातीच जास्त असावी असं वाटत होतं. 'ढोल्या गणपती : २० मिनिटे. मेणवली : ४० मिनिटे. घाटावर शांत बसणे : ५.१५ ते ५.३०.'

"शांततेला पंधराच मिनिटं?" मी विचारलं.

"काका, त्यातली पाच फोटोंची आहेत."

मग नाश्ता. दादाचं म्हणणं, पहाटे पाचला निघून खेड-शिवापूरचा टोलनाका गर्दीच्या आधी ओलांडायचा आणि शिरवळच्या पुढे मिसळ खायची. वहिनींचं म्हणणं, घरून तिखटमिठाच्या पुऱ्या न्यायच्या. आमच्या हिचं म्हणणं, पाचला निघायचं तर पुऱ्या तीनला उठून कोण तळणार, आणि नऊला निघायचं तर मिसळीपर्यंत जेवायची वेळ होते. व्हॉट्सॲपवर गट निघाला. मग दादाला वगळून दुसरा निघाला. तिसरा गट मला वगळून आहे असा मला संशय आहे, कारण मधले दोन दिवस दोन्ही गटांत कोणीच बोललं नाही.

याच वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. जगातलं सगळं ज्ञान मराठीत आणून अकारविल्हे लावायचं काम प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी या गावात बसून आरंभलं. पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा २०१५ साली. केवढा वेळ लावला, असं म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांनी आधी सहा माणसांचं नाश्त्यावर एकमत करून दाखवावं.

राहण्याची सोय माझ्याकडे होती. एका लॉजला फोन लावला.

"नदी दिसते का खोलीतून?"

"दिसती की. गच्चीवर जायाचं आन् उजव्या अंगाला वाकायचं."

"नदीला पाणी आहे का सध्या?"

"धोमातनं सोडलं की असतंय."

"सोडलंय का?"

"ते सायबांना ठावं. तुम्ही कोन?"

मी कोण, हे या परिस्थितीत सांगण्यात अर्थ नव्हता. धोम धरण वाईच्या वरच्या अंगाला आहे आणि खालच्या कृष्णेत किती पाणी वाहायचं ते तिथे ठरतं. मी दोन खोल्यांची आगाऊ रक्कम भरली. दादानं तारीख बदलली, मी पुन्हा फोन केला. वहिनींनी पंचांग पाहिलं, मी पुन्हा फोन केला. शेवटी मालकच म्हणाले, "सायेब, तुम्ही निघाल्यावर फोन करा."

वाईत सुट्टी घेऊन यावं तर ते विनोबांनी. १९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून वर्षाची रजा घेऊन ते प्राज्ञपाठशाळेत आले. नारायणशास्त्री मराठ्यांपाशी उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रांवरचं शांकरभाष्य शिकले, आणि वर्ष भरलं त्या दिवशी आश्रमात परत हजर झाले. रजावाढीचा अर्ज नाही, वैद्यकीय दाखला नाही. हिशेब शाखेच्या दृष्टीनं हा चमत्कार आहे. अर्थात ते एकटे गेले होते.

अखेर तक्ता संपूर्ण हिरवा झाला. निघायच्या आदल्या संध्याकाळी पुतण्याच्या कंपनीत काहीतरी 'लाइव्ह' जायचं निघालं, ते त्याच्याशिवाय जाईना. तो नाही म्हणून गाडी चालवायला दादा एकटा उरला, आणि घाटात चालवताना वहिनी शेजारून सूचना करतात म्हणून त्यानं अंग काढून घेतलं. सूचना केल्या नाहीत तर गाडी कुठे जाईल ते वहिनींनी सविस्तर सांगितलं आणि त्या माहेरी निघून गेल्या. मी स्पीकर बंद केला. माझ्यासमोर पुरी-मिसळ वादाचं इतिवृत्त, दोन खोल्यांची पावती आणि रंगीत तक्ता पडला होता.

"अरे, स्वारगेटवरनं एसटी असते ना वाईला," आत्या म्हणाली. एवढ्या दिवसांत ती प्रथमच बोलली.

"आत्या, तुला यायचंय?"

"मला कोणी विचारलंच नाही."

मी तक्ता पाहिला. खरंच तिचा रकानाच नव्हता.

"मला ढोल्या गणपतीच्या मागं जायचंय," ती म्हणाली. "दर्शन राहू दे. मागची भिंत बघायचीय."

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. ही, मी आणि आत्या स्वारगेटला एसटीत बसलो. एसटीत सूचना करायला कोणी नव्हतं. कात्रजचा बोगदा गेला, नीरा गेली, खंबाटकीचा चढ ड्रायव्हरनं कोणाचंही मत न घेता चढवला. नाश्ता झालाच नाही आणि त्यावाचून कोणाचं अडलं नाही.

मेणवली वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे घाट, आणि वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज चर्चची घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. घाटावरचा एक माणूस 'स्वदेस'चं शूटिंग कुठे कुठे झालं ते उत्साहानं दाखवत होता. नानांविषयी तो काही बोलला नाही. आम्ही पुणेकरही बोलतो कुठे? आमची नाना पेठ याच नानांच्या नावाची आणि रास्ता पेठ वाईच्या रास्त्यांच्या नावाची. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्याच घरातली. निम्मं पुणं या गावाचं सोयरं आहे, पण सोयऱ्यांकडे जायला आम्हाला तारीख मिळत नाही.

ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली घाटावर, अगदी नदीला लागून बांधलं. पुढून सगळेच बघतात. आत मूर्ती एवढी मोठी आहे की नाव कशावरून पडलं ते विचारावं लागत नाही. आत्या गर्दीतून बाजूला झाली आणि काठी टेकत थेट मागे गेली. मागची भिंत सपाट नाही. माशासारखी निमुळती होत गेली आहे आणि तिचं टोक पाणी येतं त्या दिशेला आहे. पूर येतो तो या टोकावर आपटून दुभंगतो आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जातो. पुलाच्या खांबांना पाण्याच्या बाजूनं असंच टोक देतात. त्या टोकाच्या जादा दगडकामाची बिलं मी नोकरीत कितीदा अडवली असतील! इथे रास्त्यांना अडवायला मी नव्हतो, म्हणून देऊळ उभं आहे.

आजोबा काही वर्षं वाईत शाळामास्तर होते, हे घरात सर्वांना माहीत होतं. त्या वर्षांत आत्या सात-आठ वर्षांची होती, हे गणित कोणी मांडलं नव्हतं. तिनं भिंतीला हात लावला.

"बाबा मला उचलून इथं आणायचे. म्हणायचे, पाणी इथून दोन वाटांनी जातं, म्हणून देव जागचा हलत नाही. मी विचारायची, आणि माणसं?"

"मग काय म्हणायचे?"

"म्हणायचे, चल, आई वाट बघत असेल."

आम्ही घाटावर बसलो. धोमातनं पाणी सोडलेलं होतं. कोणी सोडलं, कोणत्या आवर्तनाचं, मंजुरी कोणाची, यातलं काहीही मला विचारावंसं वाटलं नाही. पंधरा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. किती वेळ बसलो ते मी मोजलं नाही, आणि हे माझ्या बाबतीत डॉक्टरांना दाखवण्यासारखं लक्षण आहे. बायकोनं एकही फोटो काढला नाही. बहिणीला काय दाखवायचं, हा प्रश्न तिला परतीच्या गाडीत पडला.

राग आला तो पायऱ्या उतरताना. पाण्याच्या कडेला निर्माल्य पडलं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, वरून गाठ मारलेलं. एका पिशवीवर पुण्याच्या दुकानाचा पत्ता होता. म्हणजे आपल्या नदीवरून काच वर करून जाणारा माणूस नव्वद किलोमीटर प्रवास करून दुसऱ्याच्या नदीत पिशवी टाकून गेला. हात जोडून गेला असणार, याचा मला जास्त राग आला. आत्यानं काठीनं ती पिशवी वर ओढली. मी ती हातात धरून कचऱ्याची पेटी सापडेपर्यंत वाईच्या बाजारपेठेतून हिंडलो, आणि लोक मला प्रसाद विकणारा समजले.

दादाच्या मते आम्ही गेलो ती वाई हिशेबात धरता येत नाही, कारण ती तक्त्यात नव्हती. मूळ दौरा रद्द झालेला नाही. तारखेचा विषय पुढच्या बैठकीपुढे आहे आणि वहिनी माहेरून आल्या की ती बोलावण्यात येईल. तुम्हाला जायचं असेल तर पावसाळा सरल्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी, स्वारगेटहून एसटीनं जा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला काय बघायचंय ते आधी विचारा. देवाला फुलं वाहा, पिशवी घरी आणा. आणि गाडी कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत नातेवाइकांना कळवू नका.