आक्कांच्या नातीचा विषय

"मास्तरीण, हे जरा वाच. माझा चष्मा थोरल्याच्या गाडीत ऱ्हायला."

आमच्या आणि आक्कांच्या परसात मेंदीचं कुंपण आहे. त्याला एका जागी हात जाईल एवढं भगदाड पडलंय. कढीपत्ता, विरजण आणि गावातल्या बातम्या तिथूनच ये-जा करतात. परवा सकाळी त्यातून आक्कांचा हात आला. मनगटात दोन हिरव्या बांगड्या, मुठीत नातीचा बायोडाटा.

बांगड्यांचं आधी सांगते. मालक गेल्यापासून आक्कांचे हात मोकळे होते. 2022च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. नात तेव्हा बारावीत. ती बातमी वाचून बाजारात गेली, दोन बांगड्या आणल्या आणि झोपलेल्या आज्जीच्या हातात चढवल्या. आक्कांनी चार दिवस आरडाओरडा केला, पण काढल्या नाहीत. पाहुणे आले की पदर मनगटापर्यंत ओढतात, एवढंच.

बायोडाट्यात उंची, रक्तगट, नाडी, देवक सगळं होतं. 'शिक्षण : बी. ए., शेवटचं वर्ष, पुणे.' पुढं विषयाची जागा मोकळी.

"विषय का नाही लिहिला?"

आक्कांनी आधी रस्त्याकडं बघितलं, मग आवाज खाली आणला. "लिहिण्यासारका असता तर लिहिला नसता व्हय?"

विषय मला ठाऊक होता. पोरीचं मेजर समाजशास्त्र, पण जीव अडकलाय लिंगभाव आणि लैंगिकतेच्या अभ्यासात. एम. ए. त्यातच करायचं म्हणते. बाप कट्ट्यावर सांगतो, "एमपीएससी करती." आष्ट्यात ते खपून जातं. ज्याच्या त्याच्या घरात एक पोर एमपीएससी करतच असतं, पुढं कुणी विचारत नाही.

"लिंगभाव म्हंजे कशाचा भाव गं? लिंग म्हटलं की मला महादेव दिसतो, आन् भाव म्हटलं की सांगलीच्या यार्डातली हळद."

मी माझ्या परीनं सांगितलं. बाईच्या जन्माला येणं वेगळं, आणि तव्यावरची भाकरी आधी गड्यांच्या ताटात पडली पाहिजे हे शिकणं वेगळं. पहिलं निसर्गाचं. दुसरं आपण लावलेलं वळण.

"मग त्याला कालेज कशाला? माझ्या सासूनं चुलीपुढं बसवून शिकवलंय."

"सासूनं वळण शिकवलं, आक्का. ते वळण पाडलं कुणी, ते कॉलेजात शिकवतात."

"फी घिऊन?"

"फी घेऊन."

आक्कांना वाटत होतं, हे पुण्यातलं नवं खूळ. म्हटलं, नवं कसलं? बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 साली छापली, तेव्हा तुमच्या सासूबाईही जन्मल्या नव्हत्या. अमेरिकेत सॅन डिएगोच्या कॉलेजात 1970ला बायकांच्या अभ्यासाचं वेगळं खातं निघालं. मुंबईत एसएनडीटीमध्ये नीरा देसाईंनी 1974ला केंद्र उघडलं. पुणे विद्यापीठात 1987 पासून आहे. तिथं शिकवणाऱ्या शर्मिला रेगे 2013मध्ये गेल्या, पण पोरीच्या तोंडी अजून 'रेगे मॅडम' असंच असतं, जणू कालच तास झालाय.

"मग आष्ट्याला पोचायला एवढी वर्सं?"

"पेठ-सांगली रस्त्याचं काम चालू होतं," मी म्हटलं.

खरं तर आक्कांचं भांडण लिंगभावाशी नाहीच. अडचण दुसऱ्या शब्दाची. लैंगिकता हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही, त्या 'ते दुसरं' म्हणतात. गेल्या दिवाळीच्या सुटीत या 'ते दुसरं'वरून घरात फटाके वाजले होते, तेही मला त्या भगदाडातूनच कळलं.

झालं असं, शुक्रवारी नेहमीचा जोगता आला. यल्लम्माचा. लुगडं नेसलेला, कपाळभर भंडारा, हातात परडी. आक्कांनी फाटकाबाहेरच पीठ वाढलं. नात ओट्यावर बसली होती, तिनं त्याला आत बोलावून चहा दिला.

"आन् कशात दिला माहितीय? आपल्या कपात! आन् नाव इचारलं त्याला. इतकी वर्सं यितोय, मला कधी इचारायचं सुचलं न्हाई."

जोगता गेल्यावर नातीनं आज्जीला गाठलं. आक्कांच्या सासूबाईंनी सांगलीत बालगंधर्वांचं नाटक पाहिलेलं. नागठाणं त्यांचं गाव, म्हणजे आपल्याच पंचक्रोशीतला माणूस. त्यांचं लुगडं नेसणं बघून त्या वेळच्या बायका तसं नेसायला शिकल्या, हे सासूबाई अभिमानानं सांगायच्या. नातीनं तेच धरलं. लुगड्यातल्या बालगंधर्वांना डोक्यावर घेतलंत, मग लुगड्यातल्या जोगत्याला फाटकाबाहेर का?

"मी म्हटलं, ते नाटक, आन् हे देवाचं."

"मग?"

"मग ती म्हणती, देवाचं असून फाटकाबाहेर?" आक्कांना स्वतःलाच हसू फुटलं. "हितं मी गप."

मी मास्तरकी सोडली नाही. सुप्रीम कोर्टानं 6 सप्टेंबर 2018ला सांगितलंय, दोन सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीनं एकमेकांवर प्रेम केलं, मग ते दोन बाप्ये असोत की दोन बाया, तो गुन्हा नाही.

"कोर्टाचं कोण इचारतंय? भावकीचं बोल."

भावकीचं माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी कढीपत्ता तोडायला लागले.

मे महिन्यात मात्र पोरीनं कहर केला. प्रकल्प म्हणून वही-पेन घेऊन आज्जीच्या मागं दिवसभर फिरली. ती वही मी पाहिलीय. 5.10 पाणी तापवणं. 5.30 झाडलोट. 6.00 म्हशीची धार. असं करत दुपारी 2.00 : आडवी पडली, पण शेंगा फोडत. या ओळीपाशी आज्जी-नातीची जुंपली. आक्का म्हणतात, ही विश्रांती. नात म्हणते, काम. शेवटी मध्ये रेघ मारून दोन्हीकडं दहा-दहा मिनिटं लिहिली. बेरीज झाली साडेचौदा तास.

"आणि थोरल्याचं मोजलं का?"

"मोजलं की. कट्टा धरून मोजलं." आक्कांनी तोंडाला पदर लावला. "ते सांगू नगंस."

वहीचा शेवटचा प्रश्न होता, जमीन कुणाच्या नावावर?

इथं मला हसता येईना. 1994 साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हिस्सा दिला, 2005ला तो साऱ्या देशात झाला. पण कायदा मुंबई-दिल्लीत होतो आणि हक्कसोड इथं होते. भाऊ गाडी घेऊन येतो, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही होते, परतताना हॉटेलात जेवण आणि घरी आल्यावर साडी. आक्कांना माहेरातनं इरकल मिळालं. मी शाळेत मुलींना समानतेचा धडा शिकवते, मीही सही केलीय. मला पैठणी मिळाली, तीही सेमी. नाही म्हटलं असतं तर माहेरचं दार बंद झालं असतं, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. दाखवायची गरजच नव्हती.

आमचे सासरे शेतकरी संघटनेचे, लाल बिल्ल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत. शरद जोशींनी 1990च्या सुमारास 'लक्ष्मी मुक्ती' काढली, बायकोच्या नावानं जमीन करा म्हणून. ते दिवस सासऱ्यांचा सदरा बिल्ल्यासकट धुवायलाच असायचा.

"माहेरचं सोड," आक्का म्हणाल्या. "मालक गेल्यावर थोरल्यानं एक कागद आणला. तलाठ्याकडं द्यायचाय म्हटला. हितं कर सही म्हटला, केली."

"वारसनोंद असेल. त्यात तुमचंही नाव लागतं, आक्का. पोरांच्या बरोबरीनं."

"का सोडल्याचा कागद हुता?"

"ते मी कसं सांगू?"

आक्का बराच वेळ मेंदीची पानं खुडत उभ्या राहिल्या. आतून सुनेनं चहाला हाक मारली, तरी हलल्या नाहीत. मी बायोडाट्याची घडी घालायला लागले. विषयाच्या जागी समाजशास्त्र लिहा म्हटलं, खोटंही नाही आणि कुणी दचकणारही नाही.

"त्याचं ऱ्हाऊ दे. पोरगी वर्सभर उभी ऱ्हाणार न्हाई बोहल्यावर." आवाज पुन्हा खाली गेला. "तुझ्या मोबाइलवर सातबारा दिसतो म्हणं?"

"दिसतो. गट नंबर लागतो पण."

"कागद उलटा कर."

बायोडाट्याच्या मागं पेन्सिलीनं गट नंबर लिहिला होता. अक्षर नातीचं.