पाच गॅलन सहजपणा

अमेरिकन पेल एल ही साधारण साडेचार ते सहा टक्के अल्कोहोलची, सोनेरी ते फिकट तांबूस रंगाची बिअर. जिभेला ती कडवट लागते, पण तक्रार करावी इतकी नाही. नाकाला मात्र पपनसाची साल नुकतीच कोणी सोलली असावी असा वास येतो. स्पर्धांच्या नियमपुस्तकात तिची कडवटपणाची मर्यादा 30 ते 50 एकके अशी दिलेली असते. घरी बिअर करणारे लोक तिच्यातला एक पोटप्रकार मानतात, त्याला नियमपुस्तकात जागा नाही: सहज पिण्याजोगी पेल एल. कडवटपणा तिशीच्या आसपास, अल्कोहोल पाच टक्के, आणि पिणाऱ्याने पहिल्या ग्लासाबद्दल एक अक्षर न बोलता दुसरा पुढे करावा, एवढीच तिची लक्षणे.

करायला मात्र ती सहज नसते. स्टाउटमध्ये करपवलेल्या धान्याच्या काळोखात बरीच पापे लपतात. बेल्जियन प्रकारांत काही बिघडले तर ते लवंगेसारखे लागते आणि लोक त्याला परंपरा म्हणतात. कडक आयपीएत हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, मारा इतका असतो की चव बिघडली आहे की नाही हे ठरवायला जीभ शुद्धीवर राहत नाही. पेल एलपाशी असा आडोसा नाही. तिच्यात झालेली प्रत्येक चूक पाहुण्यांसमोर येऊन बसते.

या बिअरचा जन्म कॅलिफोर्नियातला आणि तिचा वास ओरेगनचा. कॉर्व्हॅलिस इथल्या सरकारी संशोधन कार्यक्रमातून 1972 च्या सुमारास कॅस्केड नावाचा हॉप्सचा वाण शेतकऱ्यांच्या हाती आला. युरोपातल्या खानदानी हॉप्सना फुलांचा, गवताचा, मसाल्याचा वास असे. याला थेट लिंबूवर्गीय फळाचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने 1975 मध्ये लिबर्टी एलमध्ये तो सढळ हाताने वापरला. ब्रुअरीचे तेव्हाचे मालक फ्रिट्झ मेटॅग हे धुलाईयंत्रे बनवणाऱ्या घराण्यातले, हा तपशील घरगुती बिअरकारांना फार आवडतो, कारण त्यांचाही निम्मा वेळ धुण्यातच जातो. पुढे चिको गावात घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी पॉल कमुसी यांच्याबरोबर सिएरा नेवाडा ब्रुअरी उभी केली. दूधडेअऱ्यांची जुनी भांडीकुंडी जमवून उभारलेल्या या कारखान्यात 1980 च्या नोव्हेंबरात पहिला घाणा उकळला. मग चव दर वेळी तीच यावी म्हणून पेल एलचे घाण्यांमागून घाणे गटारात ओतून दिले गेले. घरी पेल एल करणारा प्रत्येक जण आजही त्या चवीचा पाठलाग करत असतो. गटारात ओतण्याचा भाग तेवढा तो सहसा वगळतो.

कायद्याची कथा याहून गमतीची आहे. अमेरिकेतली दारूबंदी 1933 मध्ये उठली तेव्हा घरगुती वाइनला सूट मिळाली. बिअर मात्र राहून गेली. हे राहून जाणे 45 वर्षे टिकले. त्या काळात घरी बिअर होतच नव्हती असे नव्हे. दारूबंदीतही किराणा दुकानांत माल्टच्या पाकाचे डबे राजरोस मिळत आणि विकणारे-घेणारे दोघेही ते पाव भाजण्यासाठी आहेत असे गंभीर चेहऱ्याने मानत. अखेर 14 ऑक्टोबर 1978 रोजी जिमी कार्टर यांनी घरगुती बिअरला मोकळीक देणाऱ्या विधेयकावर सही केली. रविवारच्या शाळेत बायबल शिकवणाऱ्या बाप्टिस्ट राष्ट्राध्यक्षाच्या हातून हे पुण्य घडले. त्यांचे धाकटे बंधू बिली यांनी तर आदल्याच वर्षी बिली बिअर नावाच्या डब्यांना आपले नाव दिले होते, तेव्हा घरात विषय अगदीच परका नसावा. नवा नियम असा: घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर, विक्री करायची नाही. राज्यांनी आपापल्या सवडीने मान डोलावली. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोघांनी त्यासाठी 2013 उजाडू दिले. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून बिअर करणे हा गुन्हाच आहे; हा छंद जडलेल्या मराठी माणसाने तो परदेशातल्या गॅरेजात पुरा करावा हे बरे.

एका खेपेचे प्रमाण पाच गॅलन, म्हणजे 19 लिटर. त्याहून कमी करताही येते, पण सगळे श्रम तेवढेच पडत असल्याने कोणी करत नाही. साहित्य थोडके असते. फिकट टू-रो माल्ट चार किलो, क्रिस्टल माल्ट सुमारे 300 ग्रॅम, कॅस्केड हॉप्स तीन औंस, कोरड्या यीस्टचे एक पाकीट आणि पाणी. माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेली बार्ली. नाचणीचे सत्त्व करताना धान्याला मोड का काढतात हे ज्या घरात ठाऊक आहे तिथे हा भाग समजावून सांगावा लागत नाही. क्रिस्टल माल्टने रंग आणि किंचित कॅरामलची गोडी येते. नवशिक्याचा हात नेमका इथे सैल सुटतो. तीनशेचे सहाशे ग्रॅम केले की पेल एलचा काकवीकडे प्रवास सुरू होतो आणि दुसरा ग्लास कोणी मागत नाही.

पाण्याबद्दल शौकिनांनी ग्रंथ लिहिले आहेत. सुरुवातीला एवढेच पुरते की नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढून टाकावे, त्यासाठी कॅम्पडेनची गोळी मिळते. न काढल्यास बिअरला जखमेवरच्या चिकटपट्टीचा वास येतो. तो जात नाही आणि पाहुणेही फार थांबत नाहीत.

पहिली पायरी मॅशची. भरडलेले माल्ट 66 ते 67 अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर झाकून ठेवायचे. धान्यातलीच विकरे या वेळात पिठाची साखर करतात. तापमान दोन-तीन अंश खाली राहिले तर साखर यीस्टला सहज खाता येईल अशी होते आणि बिअर हलकी, कोरडी उतरते. वर गेले तर अंगाने भरते. सहज पिण्याजोगी बिअर या दोहोंच्या मधल्या अरुंद गल्लीत असते. या तासात करण्याजोगे काहीच नसते, तरी बिअर करणारा दर पाच मिनिटांनी झाकण उघडून तापमापी बुडवतो. झाकण उघडल्यामुळे तापमान उतरते आणि ते उतरले हे त्याला तापमापीवर दिसते.

मग गोड पाणी गाळून घ्यायचे, चोथ्यावर गरम पाणी ओतून उरलीसुरली साखर धुऊन काढायची आणि पंचवीसेक लिटर द्रव मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवायचा. या द्रवाला वर्ट म्हणतात. गाळून उरलेला ओला चोथा कोरड्या धान्याहून जड होतो आणि त्याचे काय करायचे हा प्रश्न पुढचे दोन दिवस घरात चर्चेला राहतो. काही जण त्याची कुत्र्यांसाठी बिस्किटे भाजतात. त्यात हॉप्सचा कण जाता कामा नये. हॉप्स कुत्र्यांना विषारी ठरतात आणि त्यांचा ताप जिवावर बेतेल इतका चढतो.

उकळी फुटण्याची घटका सर्वांत धोक्याची. वर्टमधली प्रथिने फेस होऊन वर येतात आणि पातेल्याशेजारी तासभर निष्ठेने उभा राहिलेला माणूस फोन बघायला वळला की त्याच क्षणी उतू जातात. व्रतांच्या कहाण्यांत उतण्या-मातण्याविरुद्ध जी ताकीद असते ती इथे शब्दशः पाळायची असते, किमान पहिला अर्धा भाग. शेगडीवर सांडलेले वर्ट पाच मिनिटांत लाखेसारखे घट्ट होते. त्यानंतर बहुतेक संसारांत बिअरची रवानगी गॅरेजात होते.

उकळणे एक तास. सुरुवातीलाच एक औंस, म्हणजे 28 ग्रॅम हॉप्स घालायचे. ते कडवटपणासाठी, कारण त्यांतली आम्ले दीर्घ उकळीतच कडू रूप घेतात. शेवटची दहा मिनिटे उरली की दुसरा औंस, तो चवीसाठी. आच बंद केल्यावर तिसरा, तो वासासाठी, कारण सुगंधी तेले उकळीत उडून जातात. याहून जास्त घालण्याचा मोह दर वेळी होतो. फ्रीजरमध्ये उघडे पाकीट असते, उरलेल्या हॉप्सचे काय करायचे असा काटकसरी प्रश्न पडतो आणि अशा रीतीने जगात आणखी एक आयपीए जन्माला येते.

आता वर्ट झपाट्याने 20 अंशांपर्यंत थंड करायचे. त्यासाठी तांब्याच्या नळीचे वेटोळे पातेल्यात सोडून त्यातून गार पाणी खेळवतात. आच विझल्यापासून जे जे वर्टला लागेल ते निर्जंतुक हवे: पिंप, नळ्या, चमचा, झाकण, गाळणे. हा छंद पाककलेत मोडतो असे ज्यांना वाटते त्यांनी इथे प्रत्यक्ष हजर राहावे. सबंध दिवसापैकी बिअर करण्यात जाणारा वेळ मोजला तर फारच थोडा. बाकी सगळी भांडी घासणे. घरात इतर दिवशी ताटही न उचलणारी माणसे त्या दिवशी प्लास्टिकच्या नळीत बारीक ब्रश घालून आतला डाग शोधताना दिसतात आणि हे कुटुंबीयांच्या लक्षात राहते.

यीस्टचे 11.5 ग्रॅमचे पाकीट वर्टवर भुरभुरवले की माणसाचे काम संपते. इथे वापरतात ती यीस्टची जात चिकोची म्हणूनच ओळखली जाते. ती स्वच्छ, अबोल, स्वतःची चव पुढे न करणारी आहे. तिला 18 ते 20 अंशांत ठेवले की दीड-दोन दिवसांत पिंपावरच्या हवाबंद झडपेतून बुडबुडे येऊ लागतात. अनेकजण खुर्ची घेऊन त्यांच्यासमोर बसतात. बुडबुडे थांबले की आंबणे संपले असे समजणे मात्र चूक. घनता हायड्रोमीटरने मोजावी; आरंभी 1.048 असलेली 1.010 च्या आसपास उतरून दोन-तीन दिवस तिथेच राहिली तरच काम झाले. प्रत्येक मोजणीला पेलाभर बिअर लागते आणि तो पेला परत ओतायचा नसतो. शंकेखोर माणसाची बाटल्या भरण्याआधीच बरीच बिअर संपलेली असते, ती अशी.

एकूण दोन आठवडे धीर धरला तर यीस्ट स्वतःच केलेली घाण स्वतः आवरते. घाई केल्यास लोण्याचा किंवा कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास मागे राहतो. बाटल्या भरताना 110 ते 120 ग्रॅम मक्याची साखर पाण्यात उकळून मिसळतात. ती खाऊन यीस्ट बंद बाटलीत वायू तयार करते. साखर जास्त पडली किंवा आंबणे अर्धवट राहिले असले तर बाटल्या रात्री-अपरात्री फुटतात. म्हणून अनुभवी मंडळी खोकी खाटेखाली ठेवत नाहीत. बाटली तपकिरी काचेची हवी. पारदर्शक काचेतून ऊन लागले की हॉप्समधल्या कडू द्रव्यांचे विघटन होऊन स्कंक नावाच्या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याची आठवण व्हावी असा वास तयार होतो. भरताना फार खळखळ झाली आणि हवा मिसळली तर काही आठवड्यांनी भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते.

पन्नासेक बाटल्या होतात. एका बाटलीचा खर्च काढताना माल्ट, हॉप्स आणि यीस्ट धरतात. पातेले, तांब्याचे वेटोळे, दुसरा फ्रिज आणि गॅरेजची वायरिंग धरत नाहीत. हिशेबाची ही पद्धत सर्वमान्य आहे आणि तिच्यानुसार घरची बिअर नेहमीच स्वस्त पडते.

खोलीच्या तापमानात दोन आठवडे, मग फ्रिजमध्ये दोन दिवस, की बाटली उघडायला हरकत नाही. स्पर्धेत पाठवलीच तर 50 पैकी गुण मिळतात: वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकंदर मताला 10. घरच्या परीक्षणात ही वाटणी पाळली जात नाही. शेजारी दिसण्यालाच सगळे गुण देऊन चवीबद्दल मौन पाळतात. हॉप्सचा वास दोन-तीन महिन्यांत मावळतो, तेव्हा ही बिअर मुरवत ठेवण्यात काही अर्थ नाही.

ओतताना ग्लास तिरका धरावा आणि बाटली एकाच दमात, न हलवता ओतावी. तळाचा बोटभर भाग बाटलीतच ठेवावा, कारण तिथे यीस्टचा गाळ बसलेला असतो. त्यात ब जीवनसत्त्व असते असे सांगून तोही पिणारा एक पाहुणा प्रत्येक मैफलीत निघतो. त्याचे म्हणणे खरे आहे. त्याचे पोट दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळे मत मांडते.