मनोरीसाठी जुनी खुर्ची : इयत्ता पहिली

मनोरीत घर घेतलंत, पडवीला शहाबादी फरशी बसवलीत. आता लांब हातांची 'कलोनियल' आरामखुर्ची हवी. तर चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जा, नाहीतर जवळ पडतं म्हणून ओशिवऱ्याला. लिननचा कुर्ता घालू नका, तो बघूनच भाव चढतो.

दुकानात शिरलं की आधी शेजारच्या पितळी समईला नावं ठेवा. मग सहज म्हणून खुर्ची उलटी करा. सगळं खरंखोटं बुडाखाली असतं. चौकटीला ओळीने भोकं पाडून वेत ओवलेला असेल, तर तो हाताने विणलेला. खाचेत तयार जाळी चेपून वर पट्टी बसवली असेल, तर निदान वेत तरी अलीकडचा. मग स्क्रू. अधिकच्या चिन्हाची खाच असलेला स्क्रू 1930च्या दशकात आला. 'व्हिक्टोरिया राणीच्या' खुर्चीत तो दिसला, तर शेठ म्हणतील, "रिपेरिंग केलंय." हे खरंही असू शकतं, हीच पंचाईत. किड्याच्या भोकात टाचणी घालून पाहा. किडा वाकडातिकडा पोखरतो. टाचणी सरळ आत गेली, तर त्या किड्याकडे ड्रिल मशीन होतं.

'पोर्तुगीज' शब्दाने हुरळू नका. चिमाजी अप्पांनी वसई घेतली 1739 साली. म्हणजे इकडची पोर्तुगीज खुर्ची किमान पावणेतीनशे वर्षांची हवी. वाळवीने तिला इतकी वर्षं सोडलं असेल, तर तो वाळवीचा मोठेपणा. "गोव्याची आहे" म्हणाले, तर मात्र 1961पर्यंत वाव आहे.

वय काढून घ्यायचा माझा हुकमी उपाय सांगतो. शेठनी "दीडशे वर्षं" म्हटलं, की खिन्न चेहऱ्याने म्हणा, "अरेरे, लेकीला अमेरिकेला पाठवायची होती." शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि ती आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाही. हे शेठना पाठ असतं. खुर्ची जागच्या जागी तरुण होते. "घाबरू नका साहेब, तशी नवीच आहे!"

आणि खरं म्हणजे साहेबाची खुर्ची घेऊच नये. साहेबाची पाहून गावच्या सुताराने फणसाच्या लाकडात केलेली घ्यावी. एक हात बोटभर आखूड, मागचे पाय जाडजूड, कारण गिऱ्हाईक घरचंच आणि वजनदार. मनोरीच्या जुन्या ईस्ट इंडियन घरांच्या पडवीत अशाच खुर्च्या असायच्या. पाठीच्या फळीवर आजोबांच्या डोक्याच्या तेलाचा डाग. तो डाग मात्र कुठल्याच दुकानात हुबेहूब जमत नाही.

घेतलीत? आता मार्व्याहून फेरीबोट. खुर्ची स्कूटरींच्या मध्ये ठेवा, दोरी बांधा. बोटीत पाटी घेऊन बसलेल्या मावशी ती निरखून बघतील. अशीच त्यांच्याकडेही होती, पोरांनी गेल्या वर्षी भंगारवाल्याला दिली, याच बोटीने गेली, असं सांगतील. मग विचारतील, "केवढ्याला पडली?"

खरा आकडा सांगू नका.