कुणी पळालं तर नाही ना?

मनोरुग्णांच्या निवासी संस्थेचा दर्जा ठरवण्याची आपली पद्धत फार सोपी आहे. कंपाउंड किती उंच, फाटकाला कुलूप कसलं आणि आजवर कुणी पळालं का? एवढ्याची उत्तरं पटली की नातेवाईक निर्धास्त होतात, देणगीदार केळी आणि फोटोग्राफर घेऊन येतात आणि ‘सेवाभावी’ हे विशेषण संस्थेला कायमचं चिकटतं. सुरक्षा नेमकी कुणाची, आतल्यांची की बाहेरच्यांची, हा वाद आपण बाहेरच्यांच्या बाजूनं केव्हाच निकाली काढला आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका कडेकोट बंदोबस्ताच्या आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेली २८ माणसं गेली. बंदोबस्ताचा हेतू मात्र सफल झाला. त्यांच्यापैकी एकालाही पळता आलं नाही.

आपल्याकडे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत शासनाचं प्रादेशिक मनोरुग्णालय नाही. राज्यात ती ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मिरजेत दूरदूरचे रोगी उपचाराला येतात, सिव्हिलमध्ये गोळ्या मिळतात, पण माणसाला वर्षानुवर्षं कुठं ठेवायचं हा प्रश्न पडला की घरच्यांपुढे येरवडा, रत्नागिरीचा घाट किंवा जवळपासचा एखादा आश्रम, निवारा, व्यसनमुक्ती केंद्र एवढेच रस्ते उरतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ म्हणतो की नाव काहीही असो, काळजी घेण्यासाठी मनोरुग्ण जिथं ठेवले जातात ती मानसिक आरोग्य आस्थापना आणि तिची नोंदणी हवी. नोंदणी नसेल तर पहिल्या खेपेला किमान दंड पाच हजार रुपये. बरं, नोंदणी अवघडही नाही. तात्पुरतं प्रमाणपत्र अर्जानंतर दहा दिवसांत मिळतं, तेही आधी चौकशी करण्याचं बंधन नसताना. पुढे ऑडिट तीन वर्षांनी. याच दोन जिल्ह्यांत गावोगावच्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ फॅट आणि एसएनएफ मोजलं जातं. म्हशीनं आदल्या रात्री काय खाल्लं याचा अंदाज डेअरीला सकाळी सातला येतो. संस्थेतल्या माणसानं काय खाल्लं हे विचारायला कायद्यानं तीन वर्षांची सवड दिली आहे. ती सवड आपण मनापासून उपभोगतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो पोकळ नाही. फार खोलात शिराल तर या संस्था बंद पडतील आणि माणसं पुन्हा एसटी स्टँडवर येतील. शासन स्वतः काही करत नाही, निदान करणाऱ्याला तरी करू द्या. मान्य. पण कायदा मागतो काय ते तरी वाचावं. सक्तीनं डोकं भादरू नका. स्वतःचे कपडे घालू द्या. बायकांच्या मासिक पाळीची सोय ठेवा. काम करून घेतलंत तर मोबदला द्या. साखळी लावू नका. यातल्या बऱ्याच गोष्टींना दमडी लागत नाही, आणि न्हाव्याचे तर उलट पैसे वाचतात. रोगी हिंसक झाला तर? त्याचीही वाट कायद्यात आहे. तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल, मानसोपचारतज्ज्ञानं मंजुरी दिली असेल आणि नोंद ठेवली जात असेल, तर गरजेपुरतं आवरता येतं. मात्र शिक्षा म्हणून नाही आणि माणसं कमी आहेत म्हणून तर नाहीच. नेमकं हेच शेवटचं कारण आपल्याकडे सर्वांत प्रामाणिकपणे सांगितलं जातं.

साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी हयात घालवली तो २०१३ साली, त्यांच्या खुनानंतर आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीनं बांधणं त्यानं गुन्हा ठरवलं. भुताऐवजी आजार म्हटलं तर २०१७ चा कायदा साखळीला मनाई करतो. एका साखळीसाठी एक राज्याचा आणि एक केंद्राचा असे दोन कायदे लागू असलेलं आपलं राज्य पुरोगामी आहे, यात शंका नको.

मग सगळं सरकारच्या ताब्यात द्यावं, असं कुणी म्हणेल. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये देशातल्या ४६ सरकारी मानसिक आरोग्य संस्थांची अवस्था शोचनीय ठरवली आणि बरे झालेले रोगीही तिथं अडकून आहेत, हे नोंदवलं. महाराष्ट्रानं तर त्यावर आधीच तोडगा काढला होता. घरी पाठवण्याजोग्या १८६ जणांची रवानगी भिक्षेकरी गृहं, वृद्धाश्रम वगैरे ठिकाणी केली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कान उपटले तेव्हा हा उपाय थांबवावा लागला. तेव्हा मालक कोण, सरकार की ट्रस्ट, यावर दर्जा ठरत नाही. बाहेरचं कुणी आत जाऊन वरचेवर पाहतं का, यावर ठरतो.

कायद्यानं प्रत्येक आस्थापनेत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन नंबर ठळकपणे लावायला हवा आणि त्या मंडळाकडे दाद मागण्यासाठी रोग्याला फुकट फोन करू द्यायला हवा. पुढच्या वेळी साहेबांच्या वाढदिवसाला फळं वाटायला जाल तेव्हा फोटो काढून झाल्यावर भिंतीवर तो नंबर शोधा. सापडला, तर तिथूनच एकदा लावून पाहा.