बेगमीकाका

जग बुडायला लागलं तर माणसाने कुठे राहावं, याचं उत्तर आमच्या सोसायटीत फक्त बेगमीकाकांकडे आहे, आणि ते उत्तर 'घोडबंदर' असं आहे. निवृत्तीचे पैसे हातात आले की लोक चारधाम करतात, नाहीतर गावाकडच्या घरावर स्लॅब टाकतात. काकांनी महाप्रलयाच्या दृष्टीने आसपासचा सगळा मुलूख पालथा घातला आणि मग इथे टू-बीएचके घेतला. ब्रोकर बिचारा हौसेने स्विमिंग पूल दाखवत होता, काका विचारत होते, "यात लिटर किती मावतात?"

असा एक गृहस्थ हल्ली बहुतेक सोसायट्यांत सापडतो. त्याच्या खिशात शिट्टी असते, गाडीच्या डिकीत दोरखंड असतो आणि बोलण्यात 'उद्या काही झालं तर' हे ध्रुवपद असतं. आमच्या काकांकडे शिवाय एक वही आहे. तिच्यात तालुकावार गुण दिलेत: पाणी, धान्य, सरपण, संरक्षण आणि शेजार. कर्जतच्या बाजूला पाणी मुबलक, पण उल्हास नदी भेटायला घरात येते. 2019 च्या जुलैत वांगणीजवळ तिने प्रवाशांसकट अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकवून ठेवली होती. डहाणूला चिकू भरपूर, पण 2018 पासून तिथली जमीन अधूनमधून हलते. अलिबागला सगळं छान, फक्त शेजारी शनिवार-रविवारचे. "प्रलय मंगळवारी आला तर हाक कोणाला मारायची?"

घोडबंदरला मात्र त्यांनी 'संरक्षण' या रकान्यात पैकीच्या पैकी दिलेत. नवा भाडेकरू आला की काका त्याला गावातल्या किल्ल्यावर नेतात, खाली पसरलेली खाडी दाखवतात आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रावर येतात. किल्ला बांधण्याआधी पाणी बघावं, एकाच झऱ्यावर भिस्त ठेवू नये, तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून टाकी खोदून ठेवावीत, हे पंतांचं म्हणणं काका अशा थाटात सांगतात, की पंत आमच्या सोसायटीच्या पाणी कमिटीवर असावेत. "आता तोफा नसतील, पण बिल्डरांचं पायलिंग आहेच ना!"

एकदा मी सहज म्हणालो, "काका, मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून 1737 सालीच घेतला. वसई पडायला 1739 उजाडलं. म्हणजे संरक्षणाचे गुण वसईला जास्त हवेत."

काका क्षणभर दुखावले. मग म्हणाले, "तेव्हा ट्रॅफिक नव्हतं."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. वरसावे नाक्याला तीन रस्ते मिळतात, एक ठाण्याचा, एक मुंबईचा, एक वसईच्या पुलाकडचा. गायमुखच्या घाटात एक कंटेनर आडवा झाला की तिन्ही बाजूंची रहदारी जागच्या जागी थिजते. इथून पळता येत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक आहे; लुटारूंनाही इथे पोचता येत नाही, हा शोध काकांचा.

पाण्याच्या रकान्यात त्यांनी थोडी खाडाखोड केलीय. उल्हास नदी किल्ल्याखालून जाते खरी, पण इथवर येईतो खारी झालेली असते. तिचंच पाणी गोड असताना वर शहाडला उचलतात आणि ते नळाने आपल्याकडे येतं. 'धान्य' रकान्याचीही तीच गत. गॅलरीत पपई लावली, ती राष्ट्रीय उद्यानातल्या माकडांनी नेली. कोंबड्या पाळायचा अर्ज सर्वसाधारण सभेत बिबट्याच्या नावाने फेटाळला गेला.

म्हणून सगळा जोर साठ्यावर. दुसऱ्या बेडरूमचं दार अर्धंच उघडतं. आत निळा ड्रम, कडुलिंबाचा पाला घातलेला तांदूळ, गुळाच्या ढेपा, मीठ, काड्यापेट्या. प्रत्येक डब्यावर मार्करने दोन तारखा, भरल्याची आणि संपवायची. दुसरी तारीख जवळ आली की तो डबा स्वयंपाकघरात जातो आणि त्याच्या जागी नवा येतो. "लग्नाला अडतीस वर्षं झाली," काकू म्हणतात, "पण या घरात आल्यापासून नव्या डाळीचं वरण खाल्लेलं नाही. आमच्याकडे डाळ आधी म्हातारी होते, मग शिजते."

या सगळ्याचं मूळ 26 जुलै 2005 मध्ये आहे. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस पडला आणि काकांनी अंधेरीच्या ऑफिसात सात जणांत एक बिस्किटपुडा खाऊन रात्र काढली. त्यांच्या वाट्याला दीड बिस्किट आलं. उरलेल्या अर्ध्या बिस्किटाचा हिशेब ते अजून करतात.

इतकी तयारी असलेला माणूस संकटात राजा असायला हवा. पण 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा वाण्याच्या दुकानापुढे चुन्याच्या गोलात पहिले उभे होते ते बेगमीकाकाच. हातात पिशवी, तोंडाला मास्क.

"काका, तुमच्याकडे तर सहा महिन्यांचं आहे!"

"ते संकटासाठी आहे."

"मग हे काय चाललंय?"

"ही गैरसोय आहे," काका म्हणाले.

त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला ग्रिड कोसळलं आणि मुंबईसकट आसपासची वीज गेली. काका आमच्याकडे मेणबत्ती मागायला आले. त्यांच्याकडे चार डझन होत्या, पण खोक्याला सील होतं. सील कधी फोडायचं याचे नियम वहीत लिहिलेले आहेत आणि आजवरची एकही आपत्ती त्यात बसलेली नाही. पूर आला तर तो फक्त तळमजल्याला, साथ आली तर दूध येत होतं, अंधार झाला तर तो दिवसाढवळ्या. त्यांच्या लायकीचं संकट काही येतच नाही.

परवा नळ कोरडा आणि टँकरचाही पत्ता नाही. सकाळी बेल वाजली. दारात काका, दोन्ही हातांत बादल्या. त्यांच्या बेडरूममधला दोनशे लिटरचा ड्रम काठोकाठ भरलेला आहे हे अख्ख्या मजल्याला माहीत. माझ्या बायकोने मुकाट्याने बादल्या भरून दिल्या आणि विचारलं, "काका, खरं संकट आलं की आम्हालाही कळवाल ना?"

"कळवायचं कशाला?" काका बादल्या उचलत म्हणाले. "त्या दिवशी मी मागायला येणार नाही."