पुरे म्हणणारं कुणीतरी

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या फ्लॅटला कपडे वाळत घालायला एक बाल्कनी होती. आता तिथे सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारं मशीन आहे. कपडे हॉलमध्ये वाळतात, आणि कुणी आलं की त्यांची नजर दोरीकडे जायच्या आत मी त्यांना मशीन दाखवायला नेतो.

मशीन मी घरीच बांधलं. ॲल्युमिनियमचा सांगाडा, तीन स्टेपर मोटर, एक आर्डुइनो आणि त्यात जीआरबीएल नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम. तो २००९ साली नॉर्वेतल्या एका गृहस्थाने लिहायला घेतला. त्याचं नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही, पण उपकार मान्य आहेत. या सगळ्या थाटाला एकच खोड. स्टेपर मोटर पावलं मोजते, पण आपण कुठे उभे आहोत हे तिला ठाऊक नसतं. तीनशे मिलिमीटर जा म्हटलं आणि पुढे दोनशेच उरले असले, तरी ती आज्ञाधारकपणे जाते आणि टोकाला धडकून कर्रर्र करत बसते. म्हणून प्रत्येक टोकाला ‘पुरे’ म्हणणारं कुणीतरी लागतं. त्यालाच लिमिट स्विच म्हणतात.

सुरुवातीला मी पट्टीवाले साधे मायक्रोस्विच लावले. एमडीएफचा भुसा मैद्यासारखा बारीक असतो. तो आत शिरला आणि पट्टी अडकली. रात्री अकराला मशीनने भिंत गाठली. खालच्या मजल्यावरचे काका बनियनवर वर आले आणि म्हणाले, “गिरणी टाकलीत का हो?”

मग मामाला फोन केला. मामाची तीस वर्षं भोसरीच्या एका टूलरूममध्ये गेली आहेत. तो म्हणाला, “प्रॉक्सी लाव.” मला कॉलेजची हजेरी आठवली. आमच्याकडे प्रॉक्सी म्हणजे मित्र नसताना त्याच्या नंबराला ‘हजर’ म्हणणारा. मामाची प्रॉक्सी म्हणजे प्रॉक्सिमिटी स्विच. त्याच्या तोंडाशी एक कॉइल असते, तिच्यातून चुंबकीय क्षेत्र थरथरत असतं. धातू जवळ आला की त्यात भोवरे-प्रवाह उठतात, कॉइलची थरथर मंदावते आणि स्विच ओळखतो की कुणीतरी आलं. शिवाशीव नाही, ठिणगी नाही, आणि लाकडाच्या भुशाची तर दखलही नाही. १९५८ साली जर्मनीत मानहाइमच्या पेपर्ल आणि फुक्स या कंपनीने रासायनिक कारखान्यासाठी हा प्रकार काढला, कारण तिथे साध्या संपर्काची एक ठिणगी पुरी होती. माझ्या बाल्कनीत स्फोटाचं भय नव्हतं. काकांचं होतं.

बुधवार पेठेत गेलो. दुकानदाराने काउंटरवर बारा मिलिमीटर व्यासाच्या स्विचांचा ढीग ओतला. सहा ते छत्तीस व्होल्ट, अंतर चार मिलिमीटर, सगळे दिसायला सारखे. मी चार उचलले. घरी येऊन तपकिरी वायर प्लसला, निळी मायनसला, काळी आर्डुइनोच्या पिनेला जोडली. तीन स्विच शहाण्यासारखे वागले. चौथ्याने पाच व्होल्टच्या पिनेत चोवीस व्होल्ट सोडले आणि बोर्ड जागच्या जागी गेला. भिंग घेऊन लेबल वाचलं. तिघांच्या शेवटी ‘बीएक्स’ होतं, चौथ्याच्या ‘बीवाय’. एक्स म्हणजे एनपीएन, जो वायर मायनसकडे ओढतो; वाय म्हणजे पीएनपी, जो प्लस पाठवतो. शनिवारवाडा त्या दुकानापासून चालत जायच्या अंतरावर आहे. ‘ध’चा ‘मा’ करायची त्या परिसराची परंपरा मी विसरलो होतो.

दुसरा बोर्ड आणला. या वेळी मध्ये ऑप्टोकपलर घातला. म्हणजे निरोप उजेडातून जातो, व्होल्टेज पलीकडेच राहतं. आणि मग चार मिलिमीटरचा दावा तपासायला स्वयंपाकघरात शिरलो. लोखंडी तव्याला स्विचचा लाल दिवा जवळजवळ चारला लागला. स्टीलच्या डब्याला जरा कमी. ॲल्युमिनियमच्या कढईला दीडला. देवघरातल्या तांब्याच्या ताम्हनाला त्याहून कमी, आणि तिथे बायकोने मला पाहिलं. “आता देवाचीसुद्धा तपासणी?” तिला सांगितलं की हे स्विच साध्या लोखंडावर मोजलेले असतात, बाकी धातू त्यांना अर्धवटच दिसतात. तिने ताम्हन काढून घेतलं.

माझ्या मशीनच्या पट्ट्या मात्र ॲल्युमिनियमच्याच. दीड मिलिमीटरवर दिसेपर्यंत स्विचचं नाक फुटायचं. रविवारी मामा आला, बघितलं, आणि पट्टीला एक लोखंडी बोल्ट ठोकला. स्विचही त्याने आडवा फिरवला. “बोल्ट तोंडासमोरून जाऊ दे, तोंडावर नको.” घसरून चार पावलं पुढे गेलं तरी काही तुटत नाही. मी दोन महिने जे वाचत होतो ते त्याने चहा निवायच्या आत संपवलं.

मग म्हणाला, “हे सगळे एनओ आणलेस. एनसी आण.” एनओ म्हणजे एरवी गप्प, वेळ आली की बोलणारा. एनसी एरवी अखंड बोलत असतो, वेळ आली की गप्प होतो. मला आधी ते उफराटं वाटलं. पण आमची आजी माजघरात बसून दिवसभर पुटपुटत जप करायची. तो आवाज चालू असेपर्यंत कुणी आत डोकावत नसे; थांबला की सगळं घर धावायचं. एनसीचं तसंच. वायर उंदराने कुरतडली तरी जप थांबतो आणि मशीन थांबतं. एनओची वायर तुटली तर तो गप्पच असतो, आणि आपण समजतो, सगळं ठीक आहे. एनसी आणले. सेटिंगमधला एक आकडा उलटा केला.

आता अचूकपणाचं. मामाने डायल लावून दहा वेळा मशीनला होम घ्यायला, म्हणजे स्विच लागेल त्या टोकाला परत यायला लावलं. काटा वीस मायक्रॉनच्या आत परत येत होता. चारचा स्विच तीनला लागला तरी हरकत नाही, रोज तीनलाच लागला पाहिजे. आमचा पेपरवाला सव्वाआठला येतो. सात ही त्याची कबूल वेळ. पण सव्वाआठ म्हणजे सव्वाआठ, त्यावर घड्याळ लावावं. त्या ढिगातला एक स्विच तापला की अंतर बदलायचा. तो ड्रॉवरमध्ये गेला.

सगळं जमलं, आणि दाराची पाटी कोरायला घेतली. आडनावाच्या दुसऱ्या अक्षरावर मशीन थांबलं. ‘अलार्म १’, म्हणजे लिमिट लागला. गँट्री, म्हणजे मशीनचा सरकता पूल, तर मधोमध उभी. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबलं. तिसऱ्या वेळी कळलं की आत चटणी वाटणं चाललं आहे. मिक्सरच्या ब्रशांच्या ठिणग्यांची खरखर वायरीत शिरत होती आणि कुणी नसताना स्विचच्या नावाने ‘हजर’ म्हणत होती. अगदी कॉलेजातली प्रॉक्सी.

“तुझं मशीन मिक्सरला घाबरतं,” बायको म्हणाली. हे वाक्य त्या आठवड्यात सासरी, माहेरी आणि खालच्या काकांकडे पोचलं.

पुढचा रविवार त्यातच गेला. स्विचच्या वायरी मोटरच्या वायरींना चिकटून मी हौसेने एकत्र बांधल्या होत्या. त्या सोडवून लांबून नेल्या. शील्डेड केबल घातली आणि तिची जाळी एकाच टोकाला अर्थ केली. दोन्ही टोकांना केली की तीच खरखर आणते. प्रत्येक पिनेवर शून्य पूर्णांक एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. कपॅसिटर पाच रुपयांच्या आतला, मनस्ताप दोन महिन्यांचा.

मग पाटी पुन्हा लावली आणि बायकोला म्हटलं, “घाल चटणी.” तिने सुकं खोबरं, लसूण, तिखट सगळं एकदम भरलं आणि बटण तीनवर नेलं. मी बाल्कनीच्या दारात श्वास धरून उभा. पहिलं अक्षर झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला आत घर्रर्र होऊन शांतता पसरली. मशीन चालूच होतं. मिक्सर बंद पडला होता.

“आता हा का थांबला?” ती ओरडली.

मी जाऊन मिक्सर उलटा केला आणि खालचं लाल बटण दाबलं.